रूबेनने न वाचलेली नावं

सविला एशची देवाशी तीन वर्षं कट्टी होती. नवरा लिवाय कोठाराच्या छपरावरून पडून गेला, त्या दिवसापासूनची. एक रविवार आड ती प्रार्थनेला जायची, बायकांच्या बाकावर बसायची, भजनाला नुसते ओठ हलवायची. मनात मात्र चकार शब्द नाही. आणि पुन्हा लग्न? नावच काढू नका! एकदा जीव लावून काय झालं ते तिने पाहिलं होतं.

ऑक्टोबरातल्या त्या रविवारी ती प्रार्थनेला गेलीच नाही. गाय अडली होती. वासराचे दोन पाय बाहेर, पुढे काही नाही. सविलाने ओढून पाहिलं, गाईला चुचकारलं, शेवटी दमून पेंढ्यात बसकण मारली आणि ओरडली, "देवा, अरे कुणाला तरी पाठव की!"

बोलून गेली आणि मग तिला स्वतःचाच राग आला.

तेवढ्यात अंगणात टापा वाजल्या. टोबी! मार्चमध्ये ईनॉस बायलरला विकलेला तिचा घोडा थेट आपल्या जुन्या जागेवर येऊन उभा राहिला. पाठोपाठ धापा टाकत खुद्द ईनॉस. हा घोड्यांचं चामडी सामान शिवणारा विधुर, घोड्याला काय आवडतं ते विचारायला दर आठवड्याला यायचा. एव्हाना टोबीबद्दल विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी यायचा.

"दावं सोडवून पळाला हो हा! खिडकीतून दिसला, तसा भर प्रार्थनेतून उठलो—"

"घोडा राहू द्या. कोट काढा आधी!"

दोघांनी मिळून जोर लावला. वासरू सुळकन बाहेर आलं आणि ती दोघं धपकन मागे पडली. ईनॉसच्या दाढीत पेंढा, सविलाचा टोप एका कानावर. दोघं हसत सुटली, थांबता थांबेनात. हा माणूस आवडतो आपल्याला, हे हसता हसता सविलाला लख्ख कळलं आणि ती घाबरली.

आणि मग घोडागाड्या आल्या. एक, दोन, रांगच लागली!

त्यांच्या पंथाची रीतच अशी, की ऑक्टोबरअखेर प्रार्थना संपताना डीकन, म्हणजे चर्चचा सेवक, रूबेन लग्न ठरलेल्यांची नावं वाचतो. त्या दिवशी नवरी घरी राहून रांधते, आणि नवरदेव नावं वाचायच्या जरा आधी गुपचूप उठून तिच्याकडे पळतो. आज सविला आली नव्हती, आणि ईनॉस नेमका रूबेन उभा राहताना पळाला होता. रूबेनने वाचलं एकच जोडपं. पण रूबेन किती विसरभोळा ते कुणाला ठाऊक नाही? बाकीचं लोकांनी मनानेच जुळवलं आणि गाड्या इकडे वळवल्या.

"लबाड!" शेजारीण मलिंडाने गाडीतून उतरायच्या आतच सुरुवात केली. "पत्ता लागू दिला नाहीस गं! लग्नाच्या जेवणाला लागणारी सेलरीची भाजी माझ्या बागेतली ने, दोनशे पानं तरी उठतील!"

"अहो, मी घोड्यामागे आलो," ईनॉस लालबुंद होत म्हणाला.

"हो, हो! आम्हीही असेच घोड्यामागे जायचो!" मलिंडाचा नवरा म्हणाला, आणि सगळे खिदळले.

बिचारा रूबेन मात्र रडकुंडीला आला होता. "सविला, पोरी, खरं सांग. तुमची नावं मला दिली होती आणि मी विसरलो का गं?"

सविलाने ईनॉसकडे पाहिलं. आता 'असलं काही नाही' म्हटलं, की हा लाजेने पुन्हा या दारात पाऊल टाकणार नाही. पुढच्या आठवड्यात घोड्याची चौकशी नाही, काही नाही. आणि कुणाला तरी पाठव म्हणून ओरडलं कोण होतं? देवाने तर तिला तोंड मिटायलाही वेळ दिला नव्हता. देवा, आभारी आहे रे, ती मनात म्हणाली, आता एवढं बोलायचं बळ दे.

"नाही रूबेनकाका, तुम्ही नाही विसरलात. तुम्हाला अजून सांगितलंच नव्हतं."

रूबेनचा जीव भांड्यात पडला. मग त्याची नजर ईनॉसच्या उघड्या तोंडाकडे गेली. "आणि याला? याला कधी सांगितलंस?"

"आत्ताच," सविला म्हणाली. तिचे कान तापले होते. "चालेल ना हो तुम्हाला?"

"मला?" ईनॉस म्हणाला. "मला मार्चपासून चालतंय."