अकरा मीटरची लाट

“हो की नाही, एवढंच सांगा,” पडद्यावरचे चौकशी अधिकारी म्हणाले. “त्या दिवशी अकरा मीटरची लाट आली होती?”

अश्विननं चष्मा काढून पुसला. अकोल्याच्या एका कॉलेजात तो तासिका तत्त्वावर गणित शिकवायचा. खोल समुद्रात अचानक उठणाऱ्या राक्षसी लाटा हा त्याच्या पीएच.डी.चा विषय. ‘वऱ्हाडात बसून समुद्र मोजून राहिला का बे?’ म्हणून स्टाफरूममध्ये सगळे हसायचे. वलगावचा त्याचा बालमित्र चंदन मालवाहू जहाजावरून नाहीसा झाला, तेव्हा ते हसणं थांबलं. लाटा पाच मीटरच्याच होत्या, डेकवर पाणी चढणं शक्यच नव्हतं, खलाशी आपल्याच चुकीनं पडला, असं कंपनीचं म्हणणं होतं.

तीन महिने खपून अश्विननं त्या भागातल्या लाटांच्या नोंदी मिळवल्या, समीकरणं सोडवली. शेजारच्या लाटांची ताकद ओढून घेत एखादी लाट दुपटीहून उंच उठते, हे त्यानं आकड्यांनी मांडलं होतं.

“येऊ शकत होती, सर.”

“आली होती का?”

नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं.

“ते माझं गणित सांगू शकत नाही.”

“धन्यवाद,” अधिकारी म्हणाले आणि पडदा काळा झाला.

निकालाचं पत्र चंदनच्या आईच्या, पार्बताबाईंच्या हाती पडलं. मराठी त्यांना वाचता यायचं. हे इंग्रजीत होतं. रविवारी अश्विन वलगावला गेला.

“वाच बापा. लोकं म्हनतात, पोरगा दारू पिऊन पडला असन. मले खरं आयकू दे.”

कामाच्या ओळी दोनच होत्या. लाटेचा पुरावा नाही. मृत्यू स्वतःच्या निष्काळजीपणामुळे.

“लिवलं आहे मावशी,” अश्विन म्हणाला, “लाट लय मोठी होती. चंदनची काईच चूक नव्हती.”

पार्बताबाईंनी डोळे मिटले. “आखीन एक डाव वाच.”

“समुद्र... समुद्र खवळला होता. कोनाचाच इलाज चालला नसता.”

“मंघा तं लाट म्हनला तू.”

अश्विन कागदाकडेच पाहत राहिला.

“तथी सायबापुढं बी असाच गप बसला का रे?”

उत्तराची वाट न पाहता त्यांनी पत्र काढून घेतलं, घडी घातली आणि आत जाऊन त्याच्यासाठी ताट वाढून आणलं. तो जेवायला बसला. भाजीत मीठ नव्हतं. त्यानं मागितलं नाही.