नवसाचा शेंदरी

मी शेंदरी रंग बोलतोय. वडप्याला हायवेच्या कडेला दौलतचं घर आहे ना, त्याच्या अर्ध्याच भिंतीवर मी बसलोय. उरलेलं अर्धं घर त्याच्या थोरल्या भावाचं, काळूरामचं.

माझा जन्म भिवंडीतल्या एका दुकानात, मशीनखाली झाला. पांढऱ्या डब्यात थेंब पडले, डबा गदागदा हलला आणि मी डोळे उघडले. समोर दौलतची बायको गुणाबाई, हात जोडून उभी.

"भाभी, ये बहुत भडक लगेगा," दुकानदार म्हणाला.

"भडकच दे भाऊ. मारुतीच्या अंगाचा. देवाला लांबून दिसला पायजे."

कारण मी नवसाचा! गोडाऊनला जागा देताना आधी सही कुणी करायची, यावरून दोघा भावांचं बोलणं बंद झालं होतं. बसायचे एकाच ओट्यावर, पण निरोप कुत्र्याकडून. "मोती, सांग त्याला, नळ चालू हाय." गेल्या वर्षी तर एका छपराखाली दोन गणपती बसले. इकडची आरती मोठी की तिकडची, यातच बाप्पाचे कान किटले असतील.

गुणाबाईला ते सोसवेना. शनिवारी तेल वाहताना ती बोलली, "मारुतीराया, गणपतीच्या आत दोघांची एकमेकांपुढं तोंडं उघडू दे. तुझा रंग घराला देईन." पण पावसात भिंत रंगवता येत नाही. म्हणून मे महिन्यातच तिनं नवस आधी फेडून टाकला. देव समजून घेतो, असा तिचा विश्वास.

शेजारच्या राहीबाईनं लगेच विचारलं, "गुणे, घर हाय का गोडाऊनचा रॅक? त्योबी असलाच केशरी असतोय." गुणाबाई नुसती हसली.

देवाचं मात्र लक्ष होतं. एका शनिवारी एक ट्रकवाला थांबला. मला बघून त्याला देऊळ वाटलं. चपला काढल्या, हात जोडले आणि पायरीवर नारळ फोडला. पायरी नेमकी काळूरामची! पाणी उडालं ते थेट त्याच्या इस्त्रीच्या लेंग्यावर.

काळूराम मोतीला विसरला. "दौल्या! कुणाच्या बापाचं देऊळ हाय रं हे?"

"तुझ्याच बापाचं! माझा बाप येगळा हाय का?"

मोती बिचारा या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत राहिला. त्याची नोकरी गेली होती.

मग जे सुरू झालं ते दुपारपर्यंत. सही, नळ, जुनं नवं सगळं निघालं. शेवटी काळूराम गरजला, "आणि औंदा गणपती माझ्याच दारात बसंल!"

"माझ्या दारात! मखर मी करनार!"

आत गुणाबाईनं पदर डोळ्याला लावला. दार कुणाचं यावरून भांडत होते, पण गणपती एकच म्हणत होते. तोंडं उघडू दे, एवढंच ती बोलली होती. गोड बोलू दे म्हणायचं राहून गेलं. देवानं मागितलं तेवढंच दिलं, शब्दशः.

आता ऐका माझी गत. इतक्या दिवसांनी दोघा भावांचं एका गोष्टीवर एकमत झालं: हा रंग पहिला काढायचा, नाहीतर रोज कुणीतरी देऊळ समजून नारळ फोडणार! पाऊस लागायच्या आत. आत्ताच दोघं एका स्कूटरवर बसून नवा रंग आणायला गेलेत. पांढरा की क्रीम, यावरून वळणापर्यंत आवाज येत होता.

मला राग नाही. ज्यासाठी आलो ते झालं. तुम्हीही कुणाशी अबोला धरला असेल, तर निदान भांडा तरी हो, एवढंच सांगणं.

आणि मी काही पुरता जात नाही. डब्याच्या तळाशी उरलोय थोडा. गुणाबाईनं झाकण घट्ट लावून मला देव्हाऱ्याखाली ठेवलंय. न जाणो, दोघं परत गप्प बसले तर?