कनवटीतली मिसरीची डबी

मी एक जुनी पितळी डबी आहे. मूठ मिटली की आत मावेन एवढीच. झाकण मात्र असं घट्ट, की उघडताना 'टक्' आवाज होतो. त्या आवाजाची मी वर्षानुवर्षं मिजास केली. आज ती मिजास आठवली की माझी मान खाली जाते. डबीला मान नसते हे मला ठाऊक आहे मित्रांनो, पण शरम असते.

माझा जन्म सांगोल्याच्या एका तांबटाकडे झाला. त्यानं मला ठोकलं, घासलं, चकचकीत केलं आणि बाजाराच्या दिवशी पालावर मांडून ठेवलं. आत काय ठेवायचं ते काही त्यानं सांगितलं नाही. डबीला ते कुणी सांगतही नाही. हिंदुराव नावाचा एक मेंढपाळ मेंढरं विकायला आला होता. नुकतंच लग्न झालेलं, बायकोला काय न्यावं ते कळेना, म्हणून त्यानं मला उचललं. घरी सारजाबाईनं मला उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, "मिसरीला बरी हाय की." झालं! माझं नशीब त्या एका वाक्यात ठरलं.

तुमच्यापैकी काहींना मिसरी माहीत नसेल. तंबाखू तव्यावर काळीभोर होईपर्यंत भाजतात, चुरगळून तिची पूड करतात आणि ती बोटानं दातांवर, हिरड्यांवर घासतात. दात घासणं हे नुसतं नाव. खरी ओढ तंबाखूची. सारजाबाई मिसरी भाजायला बसली की शेजारपाजार शिंकत सुटायचा, पण थोड्या वेळानं त्याच शेजारणी हात पुढे करून दारात हजर. "सारजाबाईच्या हातची मिसरी न्यारीच," असं त्या म्हणायच्या आणि मी तिच्या कनवटीत, लुगड्याच्या निऱ्यांशी, फुगून बसायची.

पुढे पाऊस रुसला, मेंढरं राखणं जमेना. हिंदुराव आणि त्याचा धाकटा भाऊ बिरदेव सोलापूरला आले आणि टॉवेलच्या कारखान्यात लागले. शेजारी शेजारी दोन खोल्या, दोन्हींसमोर मिळून एकच दगडी पायरी. बिरदेवाचं लग्न झालं आणि मायाक्का नावाची सडपातळ पोर धाकटी जाऊ म्हणून घरात आली. आल्या आल्याच तिची दाढ ठणकायला लागली. आईच्या आठवणीनं आणि दाढेनं मिळून ती रडत होती. सारजाबाईला दया आली. तिनं मला उघडलं, टक्.

"घे, लाव एवडी. गुण येतोय का न्हाय बघ."

गुण आला. दाढ बधिर झाली, डोकं जरा गरगरलं, मायाक्का झोपली. दुसऱ्या दिवशी दाढ ठणकत नव्हती, तरी तिनं हात पुढे केला. सारजाबाई हसली. मीही खुशीत उघडले. त्या दिवसापासून दोघी जावा सकाळी पाणी भरून झालं की पायरीवर बसायच्या आणि दुपारी टॉवेलाच्या कडा शिवून हात दुखले की पुन्हा बसायच्या. बोटावर मिसरी, तोंडात शेजारच्या गल्लीच्या बातम्या. एकमेकींचं सगळं त्यांनी त्या पायरीवर ऐकून घेतलं. भांडलेल्या दिवशीसुद्धा माझं झाकण वाजलं की दुसरी गपचूप येऊन टेकायची. मला वाटायचं, या घरातली माया मीच सांभाळते आहे. केवढा हा माझा तोरा!

अशी बरीच वर्षं गेली. मग मायाक्काला जेवताना झोंबायला लागलं. शेंगाचटणी हे तिचं जीव की प्राण, पण पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी. ती नुसत्या दुधात भाकरी कुस्करून खायला लागली. सारजाबाईनं आधी चेष्टा केली, मग ओठ उलटा करून पाहिला. खालच्या ओठाच्या आत, जिथं मिसरी रोज घासली जायची अगदी तिथंच, पांढरट, खरबरीत डाग होता.

दोघी दवाखान्यात गेल्या. मीही गेले, कनवटीतून. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी बॅटरी लावून डाग पाहिला, जरासा तुकडा तपासायला घेतला आणि काही दिवसांनी पुन्हा बोलावलं.

"हा कॅन्सर नाही," त्या म्हणाल्या, "पण वाट त्याच गावाची आहे. मिसरी आत्ताच्या आत्ता बंद केलीत तर डाग जायची आशा आहे. नाही केलीत, तर पुढचं मी तुम्हाला खोटं गोड सांगणार नाही. कुणी लावली ही सवय?"

मायाक्कानं क्षणभर थोरल्या जावेकडे पाहिलं. मग खाली बघत म्हणाली, "कुनी न्हाय. आपसूकच लागली."

सारजाबाई तिथंच उभी होती. एक शब्द तिच्या तोंडातून निघाला नाही. तिचा हात मात्र कनवटीवर आला आणि तिनं मला इतकं घट्ट दाबलं, की माझं झाकण रुतलं असेल तिच्या पोटात.

घरी आल्यावर सारजाबाई हवालदार झाली. मायाक्काची छोटी प्लास्टिकची डबी तिनं गटारात रिकामी केली. नव्या पेठेतून टूथब्रश आणले. "तोंड दाव," असं येता-जाता दरडावायला लागली. मायाक्काचं डोकं दुखायचं, भांडी आपटली जायची, सुई बोटात घुसायची. ती दुपारी सवयीनं पायरीवर येऊन बसायची आणि रिकाम्या हातांकडे बघत राहायची. शेजारची जागा रिकामीच. कारण सारजाबाई त्या वेळी आत मोरीत, दाराला पाठ लावून, मला उघडत असे. झाकण वाजू नये म्हणून त्यावर पदर धरून. माझा तो टक् आवाज तिनं दाबून टाकला होता. "मला कुटं डाग हाय?" असं ती स्वतःशीच पुटपुटायची. पण घास तोंडात फिरत राहावा तसं तिचं मन फिरत होतं. रात्री मायाक्कानं दूधभाकरीचं ताट ओढलं की सारजाबाईला जेवण जायचं नाही.

मग तिनं ठरवलं, अक्कलकोटला जायचं. स्वामींपुढे सोडलं की सुटतं. एस.टी.नं दोघी गेल्या, मठात रांगेत उभ्या राहिल्या. मायाक्कानं हात जोडून सांगितलं, "आजपासून मिसरी बंद." तेवढ्यावर थांबायचं होतं, पण स्वामींसमोर सारजाबाईलाच लाज वाटली आणि तीही बोलून गेली, "मी बी सोडली, म्हाराज." मित्रांनो, त्या वेळी मी तिच्या कनवटीत काठोकाठ भरलेली होते! मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

हा नेम तीन-चार दिवस टिकला. मग सारजाबाईनं जी पळवाट काढली ती ऐकून तुम्हाला हसू येईल. स्वामींपुढे सोडली ती मिसरी. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखू. मग न भाजलेली कुठं सोडली? तिनं कोरडी तंबाखू माझ्यात भरली, चिमूट गालात धरली आणि वर स्वामींच्या तसबिरीला हातही जोडला. पण हात जोडताना तिनं वर पाहिलं नाही.

एका दुपारी मायाक्काला सुईत दोरा ओवता येईना. तिनं हाक मारली. सारजाबाई पायरीवर येऊन वाकली, दोरा ओवता ओवता बोलली आणि तिच्या तोंडाचा तंबाखूचा वास मायाक्काच्या नाकात शिरला. मायाक्काचा चेहरा बदलला. तिनं सरळ जावेच्या कनवटीला हात घातला, मला बाहेर काढलं आणि उघडलं. कितीतरी दिवसांनी मी मोकळी वाजले, टक्. मला जराही आनंद झाला नाही.

मायाक्का चिडली असती तर बरं झालं असतं. ती शांत होती.

"द्या मला बी," ती म्हणाली. "दोगी मिळून लावू. पयल्यासारकं."

तिची चिमूट भरली होती. बोट ओठापाशी गेलं होतं. त्या एका बोटावर तिचा सगळा पुढचा जन्म होता आणि मी नुसती उघडी पडून होते. सारजाबाईनं तिचं मनगट धरलं आणि ती मटकन खाली बसली.

"न्हाय गं. मीच लावली तुला. दाढ दुकत हुती, गोळी आणून द्यायची, तर मी ही दिली. दवाखान्यात तू माजं नाव घेतलं न्हाईस आनि मी बी मुक्यावानी हुबी राह्यली. त्या दिवसापास्नं अन्न ग्वाड लागंना मला."

मायाक्कानं मनगट सोडवून घेतलं नाही.

"नाव घिऊन डाग जातोय व्हय बाई?" ती म्हणाली. "तुमी दिली, मी घेतली. त्येचं काय न्हाय. पर मला एकटीला पायरीवर बसवून तुमी आत गेलासा, त्ये लई लागलं बघा. सोडताना बी एकटीनंच सोडायची व्हय मी?"

सारजाबाई ओक्साबोक्शी रडली. मग उठली, मोरीत गेली, तिनं मला नळाखाली उलटं केलं आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतलं. त्या वेळी मायाक्का मोरीच्या दारात उभी होती.

मित्रांनो, त्या दिवसानंतर सगळं सुरळीत झालं असं मी सांगितलं तर ते खोटं होईल. आता दोघींची डोकी एकदम दुखायला लागली. हिंदुराव आणि बिरदेव घरातला आवाज ऐकून परस्पर चहाच्या गाड्यावरच थांबायचे. दोघींनी बडीशेप भाजली, ती मिसरीच्या तव्यावर, आणि तिला तंबाखूचाच वास लागला! ती फेकून नवा तवा आणला. पण वेळ त्यांनी बदलली नाही. पाणी भरून झाल्यावर आणि दुपारी कडा शिवून झाल्यावर, तीच पायरी. मधे वाटी, वाटीत बडीशेप आणि ओवा. ओढ लागली की एक दुसरीला हाक मारायची आणि ओढ ओसरेपर्यंत दोघी काहीबाही बोलत बसायच्या. एकदा सांगोल्याला लग्नात मायाक्कानं कुणाच्या तरी डबीतली चिमूट लावली. परत आल्यावर तिनं स्वतःच सांगितलं. सारजाबाईच्या तोंडावर शिवी आली होती, ती तिनं गिळली आणि वाटी पुढे सरकवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून.

परवा डॉक्टरीणबाईंनी ओठ पाहिला. डाग पुष्कळ पुसट झालाय, पण गेलेला नाही. येत राहा म्हणाल्या. मायाक्का शेंगाचटणी चाखते, जराशी झोंबते. ती झोंबली की सारजाबाईचा चेहरा अजून उतरतो. तो अपराध तिच्या मनातून कधी जाईल असं मला वाटत नाही. माझ्याही मनातून जायचा नाही.

मी आता टॉवेलांच्या गठ्ठ्यामागच्या फळीवर पडून आहे. माझ्यावर धूळ बसली आहे, पितळ काळं पडलंय. माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुमच्याकडे गाऱ्हाणं मांडतात, आम्हाला विसरू नका, आम्हाला घासूनपुसून ठेवा. मी हात जोडून उलटंच मागते. मला विसरा. माझं झाकण कळकून कायमचं बसू द्या.

आणि तुमच्या घरात आजीच्या, आईच्या, काकूच्या कनवटीला माझी एखादी बहीण असेल, तर तिला लपवू नका आणि आईला घालूनपाडून बोलू नका. आईला दवाखान्यात घेऊन जा. तिनं सोडते म्हटलं की दुपारी खेळ जरा बाजूला ठेवा आणि तिची ओढ ओसरेपर्यंत तिच्या शेजारी पायरीवर बसा.