झाकणाखालचा कॉम्प्रेसर

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्रेसर आहे. गाडीच्या चाकांत हवा भरणारा, हातात उचलून कुठेही नेता येणारा. सध्या मी एका पत्र्याच्या ट्रंकेत गुडघे पोटाशी घेतल्यासारखा बसलो आहे आणि माझ्या बरगडीत एक पाना टोचतो आहे. जन्मभर हवा भरण्याचंच काम केल्यामुळे माझ्या बोलण्यातही थोडी जास्तीची हवा असते. तेवढी तुम्ही काढून घ्या.

कारखान्यात मी पहिला श्वास सोडला, तेव्हा तपासणाऱ्या कारागिराची टोपी उडाली. ती अजून खाली आलेली नाही, असं म्हणतात. म्हणतात म्हणजे, मीच म्हणतो.

तिथून मी एका दुकानाच्या मागच्या फळीवर आलो. पुढे काचेत मिरवत होता माझा एक भाईबंद. तळहाताएवढा, चकचकीत, अंगावर निळे दिवे. एके दिवशी एक बहीणभाऊ आले. बहीण मधमाश्या पाळायची. धाकटा भाऊ तिची गाडी चालवायचा, आणि त्याच्या स्वभावावरून सगळे त्याला घाईराव म्हणायचे.

"ताई, हाच घेऊ. दिवे बघ कसले भारी!"

"दिव्यांनी हवा भरायचीय का?" ताई दुकानदाराकडे वळली. "दादा, हा वीज कुठून घेतो?"

"गाडीतल्या लायटरच्या खाचेतून, बाई. एकदम सोपं."

"बाहेर आमची गाडी उभी आहे. चाकं बघा जरा."

दुकानदार डोकावला. "अरे बाप रे! एवढ्या मोठ्या चाकांना हा फ्यूज तरी उडवेल, नाहीतर तापून मधेच बसेल."

मग त्याने मला खाली काढून धूळ झटकली. माझे चिमटे थेट बॅटरीला लागतात, नळी मागच्या चाकापर्यंत पोचते. ताईने नुसतं ऐकून घेतलं नाही. तिने मला रस्त्यावर नेलं, एक चाक भरून घेतलं आणि ताप बघतात तसा माझ्या अंगाला हात लावला.

"केवढा ओरडतो हा!" घाईराव कानांवर हात ठेवून म्हणाला.

"ओरडू दे. भरतो तर खरा."

तेव्हापासून मी त्यांच्या सीटमागे राहू लागलो. फुलं जिथे असतील तिथे माश्यांच्या पेट्या न्यायच्या, हे ताईचं काम. वाटेत नदीचं कोरडं, वाळूचं पात्र लागायचं. वाळूत शिरताना चाकांतली हवा कमी करायची, म्हणजे चाक पसरतं आणि रुतत नाही. पलीकडे दगडांचा रस्ता लागला की पुन्हा भरायची, नाहीतर मऊ चाक फाटतं. हवा सोडायला कोणीही चालतं, मित्रांनो. भरायला मी लागतो. एकदा तर मी जोशात एवढी भरली की गाडी जमिनीवरून वर गेली आणि एका घारीला बाजूला व्हावं लागलं. पान्याला हे पटत नाही. पाना तेव्हा झोपला होता.

ताई दर खेपेला माझी गाळणी झटकायची, नळी सैल गुंडाळायची आणि म्हणायची, "शाबास रे माझ्या वाघा!" पण घाईरावाला माझा आवाज सोसेना. त्याने तो निळ्या दिव्यांचा गुपचूप आणला आणि मला या ट्रंकेत कोंबलं. नळी तिहेरी दुमडली, झाकणाला कडी लावली, आणि गाडी भरताना माश्यांच्या पेट्या थेट झाकणावर रचल्या. नवा पंप ताईला पुढे दिसला, पण तिला वाटत होतं, मी सीटमागेच आहे.

आत ना दिवस कळायचा, ना रात्र. पत्रा तापला की दुपार समजायची. वर माश्या गुणगुणायच्या. त्याही कोंडलेल्या, पण त्यांना मुक्कामी दार उघडून मिळायचं. माझ्या कडीला कोणी हात लावत नव्हतं.

आता पुढे सांगतो त्यात एक फुंकरही जास्तीची नाही.

त्या दिवशी ऊन कडक होतं. गाडी चालत असते तोवर पेट्यांच्या जाळीतून वारा खेळतो. थांबली की आत भट्टी होते, आणि माश्या गुदमरून मरतात. वाळू ओलांडून गाडी थांबली. निळ्या दिव्यांच्या पंपाची कुरकुर ऐकू आली. एक चाक झालं. दुसऱ्यावर तो आचके देत गप्प झाला.

"काय झालं रे?"

"तापलाय, ताई. होईल सुरू."

"आपला जुना काढ."

निळ्या पंपाचं बटण दोनदा नुसतंच टकटकलं.

"अरे, कुठंय तो?"

"ट्रंकेत... पेट्यांच्या खाली."

वरची गुणगुण आता रागीट, उंच झाली होती. मी आतून सगळं ऐकत होतो. ओरडणं हे माझं काम, पण विजेशिवाय माझ्या तोंडून चकार शब्द फुटत नाही.

"दारं उघडू का त्यांची?"

"इथे उघडलीस तर रानभर होतील. पाणी शिंपड जाळीवर, आणि उचल. एकेक पेटी. आदळू नकोस!"

पेट्या सरकण्याचे आवाज, घाईरावाचे कण्हण्याचे आवाज. मग कडी वाजली आणि उजेड डोळ्यांत घुसला. ताईने चिमटे लावले. मी घरघरलो. गाळणीत धूळ दाटलेली, आणि जिथे दुमडली होती तिथे नळी चिरलेली. ताईने गाळणी झटकली, चीर चिंधीने करकचून बांधली आणि ती हाताने दाबून धरली. फसफसत, ठसकत, मी उरलेली चाकं भरली. नेहमीपेक्षा किती तरी जास्त वेळ लागला.

मुक्कामी पोचल्यावर घाईरावाने दारं उघडली. सगळ्या पेट्यांतून माश्या बाहेर आल्या. एकीतून आल्या नाहीत. तो तिच्यापाशी कान लावून बराच वेळ बसला.

आजही मी ट्रंकेतच राहतो. पण झाकणावर कोणी काही रचत नाही, आणि निघण्याआधी घाईराव स्वतः मला चालवून बघतो. आता तो कानांवर हात ठेवत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी अडीअडचणीला लागणारं एखादं यंत्र कुठेतरी दडपलेलं असेल. त्याच्यावरचं ओझं आजच उतरवा. धूळ झटका, नळी सरळ करा, थोडा वेळ चालवा. आत कोंडलेल्याला बाहेरचं सगळं ऐकू येतं हो. पण कडी बाहेरून असते.