दोराला ढील

तवंदी घाटाच्या डोंगरात, हमरस्त्यापासून अर्ध्या तासाच्या चालीवर एक चाळीस फुटी कातळ आहे. जानेवारीत दहा वाजेपर्यंत त्यावर ऊन येत नाही. दगडाला हात लावला आणि लगेच खिशात घातला, इतका तो गार होता.

कातळ चढणाऱ्या आमच्या गटाचा नियम एकच: जो वर पोचेल त्यानं मागून चढणाऱ्याचा दोर वरून धरायचा, तो पडला तर झेलायला. सहा वर्षं माझ्यावर ती पाळी आली नव्हती, कारण मी चढलोच नव्हतो. निपाणीत ग्रंथपाल म्हणून आयुष्य गेलं. पुस्तकात बघून मी सगळ्यांना गाठी शिकवल्या आणि खाली बसून राहिलो. मला चढणं जमणार नाही असं सगळ्यांनी धरलं होतं. मीही.

या संक्रांतीला सत्तर पूर्ण झाली. म्हटलं, आज चढायचं.

"मग च्या कोण करणार आण्णा?" भरमूनं विचारलं. तो लष्करातून निवृत्त झालेला, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, वजन नव्वद किलो.

"तू."

रचना आधीच वर गेली होती. ती शाळेत असल्यापासून माझ्याकडून पुस्तकं नेणारी. आता बेळगावात इंजिनिअर. वरच्या झाडाला स्वतःला बांधून घेऊन तिनं माझ्या कमरेचा दोर धरला.

पहिले दहा फूट मी भराभर गेलो. फारच भराभर. पाय टेकायच्या आत अंग वर जात होतं, विहिरीतून घागर ओढावी तसं. पोरगी मायेनं ओढत होती.

"रचना, ओढू नकोस."

आवाज पोचला नाही. जन्मभर लोकांना 'हळू बोला' सांगितलेलं.

"जाऊ द्या की आण्णा," भरमू खालून हसला, "फुकट पोचताय!"

"ढील दे!" मी ओरडलो. डोंगरातून आवाज परत आला, तेव्हा तो माझा आहे हे पटेना.

"काका, पडाल!"

"पडंन! ढील दे!"

दोर सैल झाला आणि मी पडलोच. दोन हात खाली. कोपर सोलवटलं. लोंबकळत असताना वाटलं, सगळ्यांचं बरोबरच होतं.

"खाली सोडू का, काका?"

"न्हाय!"

कातळावर गुडघे टेकू नयेत असं पुस्तकात लिहिलंय. मी दोन्ही टेकले. नखं रुतवली, मफलर दातांत धरला आणि किती वेळानं कोण जाणे, वरच्या गवतात तोंड खुपसून पडलो.

"बसा आता. भरमूअण्णांचा दोर मी धरते," रचना म्हणाली.

"नियम काय आहे?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मग सरकली. मी झाडाला बांधून घेतलं, गाठ तीनदा तपासली, दोर खाली टाकला.

"भरमू, चढ!"

खालून भरमूनं दोर दोनदा ओढून बघितला.

"आण्णा, नव्वद किलो हाय मी."

"म्हाईत हाय. ये."

दोर हलला. दोन पावलं झाली आणि खालून बारीक आवाज आला, "जरा वढूनच धरा हां."

मी दोर धरला. धरायचा तेवढाच.