इथल्या चंद्राची तारीख

"काका, आपल्या कॅलेंडरातली पौर्णिमा नागपूरची की मार्कहॅमची?"

अक्षरा आणि गौरांगी या मैत्रिणींनी पैज लावली होती. "तू नाहीच विचारणार, बघ!" असं म्हटल्यावर धम्मप्रिया गप्प बसेल होय? कॅनडातल्या मराठी बौद्धांच्या असोसिएशनच्या मीटिंगमध्ये नव्या कॅलेंडरांचे गठ्ठे सुटत होते. ती ताडकन उभी राहिली.

अध्यक्ष राजरत्नकाका हसले. "बेटा, चंद्र एकच असतो."

"चंद्र एक, पण घड्याळं दोन! तिकडे पहाटे चंद्र पूर्ण होतो तेव्हा इथं आदली संध्याकाळ असते. म्हणजे यंदाची बुद्धपौर्णिमा आपल्याकडे एक दिवस आधी. इथल्या वेळेनं सगळ्या तारखा काढून मी बाबांना दिल्या होत्या."

सगळ्यांच्या माना बाबांकडे वळल्या. तिचे बाबा हर्षवर्धन असोसिएशनचे सेक्रेटरी. नागपूरच्या कॅलेंडरावर इथला फोन नंबर टाकून छापून आणायचं काम त्यांचंच. यंदा मात्र म्हणाले होते, "तुझंच छापतो गं." गठ्ठ्यांतून निघालं ते नागपूरचंच.

बाबांनी चष्मा पुसला. "अहो, शाळेचं प्रोजेक्ट आहे तिचं. पोरगी आहे, चालायचंच."

हॉल हसला. बाबाही हसले. ते तिला झोंबलं.

प्रोजेक्ट होतंच. जवळजवळ साडेचारशे वर्षांपूर्वी युरोपातलं कॅलेंडर आकाशाशी जुळेना. खगोलशास्त्रज्ञांनी गणित मांडलं, पोपनं दहा दिवस गाळले. इंग्लंड मात्र दीडशेवर वर्षं अडून बसलं. गणित चुकलं म्हणून नव्हे, सांगणारा पोप नको होता म्हणून. केवढी हसली होती ती तेव्हा!

गाडीत बसल्या बसल्या तिनं विचारलं, "बाबा, माझं चुकलं होतं का?"

"नाही गं. मी स्वतः चेक केलं."

"मग?"

"राजरत्नजी म्हणाले, तारीख वेगळी लावली तर लोक म्हणतील, हे फुटले. माणसं जोडायला काय लागतं, तुला नाही कळायचं."

आई मागे वळली. "आणि तू चारचौघांत बापाला उघडं पाडलंस!"

"आई, प्लीज! मला कोणी पाडलं?" तिचा आवाज चिरकला. "दर कार्यक्रमात बुद्धांचं सांगता ना, ऐकलेलं मानू नका, पारखून घ्या? पारखलंत, बाबा. बरोबर निघालं. तरी हसलात."

बाबांनी लाल सिग्नलला गाडी थांबवली. सिग्नल हिरवा झाला. मागच्यानं हॉर्न दिला.

"पौर्णिमेच्या कार्यक्रमाचं निवेदन मी करणार नाही," धम्मप्रिया म्हणाली. "हॉलवरही येणार नाही. आदल्या संध्याकाळी, चंद्र पूर्ण होईल तेव्हा, मी बॅकयार्डात एकटी वंदना घेणार. तुम्हा दोघांना यायचं तर या."