रेतामोसोचं दुसरं बाळ

मंगळवारी सकाळी पावणेनऊला ग्रासियाना बेर्तोलोत्तीच्या टेबलावरचा फोन वाजला. प्रसूतिगृहांचे फोन एरवी तिच्याकडे यायचे नाहीत. ते खालच्या खिडकीवर जायचे. पण खिडकीवरच्या बाईनं कंटाळून हा वर ढकलला होता.

पलीकडे एक नर्स होती. आवाजात चांगलीच गंमत.

"तुम्हीच का त्या यंत्रावर निकाल लावणाऱ्या? अहो, आमच्याकडे जुळी झाली. दोघांच्या टाचा टोचल्या, दोघांचं रक्त पाठवलं, आणि निकाल आला एकाचाच. दुसरा तुम्ही खाल्लात की काय?"

"बघते मी," ग्रासियाना म्हणाली.

"सावकाश बघा. पोरं मस्त आहेत दोन्ही."

ग्रासियानानं फोन ठेवला. काही बघायची गरजच नव्हती. काय झालंय हे तिला वाक्य पुरं होण्याआधीच कळलं होतं.

रोसारियोतल्या त्या खाजगी प्रयोगशाळेत तेवीस प्रसूतिगृहांतून नवजात बाळांच्या टाचेतलं रक्त यायचं. कागदावर सुकवलेले पाच थेंब. त्यांच्यासोबत प्रत्येक ठिकाणाहून एक यादी यायची, आणि तेवीस याद्यांच्या तेवीस तऱ्हा. कुणी तारीख आधी लिही, कुणी महिना. कुणाचं नेट तुटलं की तीच यादी तीनतीनदा येई. बाळाचं नाव तर कुठंच नसे, कारण तिसऱ्या दिवशी नाव ठरतंय कुणाचं? "अमकीचं बाळ" एवढंच. ह्या सगळ्या याद्या एका साच्यात बसवायच्या, रक्ताच्या यंत्रातून आलेले आकडे त्यांना जोडायचे, आणि ज्या बाळाचा आकडा बिघडलेला त्याची नोंद डॉक्टरांपुढे ठेवायची, हे काम करणारी संगणकातली साखळी, तिला सगळे पाइपलाइन म्हणत, ग्रासियानानं बांधली होती. जुनीला तीन तास लागत. हिला अकरा मिनिटं. सहा आठवड्यांपूर्वी ती सुरू झाली तेव्हा तिचे साहेब ओस्वाल्दो क्वालिया यांनी सगळ्या मजल्याला केक वाटला होता.

अकरा मिनिटं कशी झाली, तर तिनं दोन गोष्टी केल्या होत्या. एक, शेऱ्याचा रकाना सुरुवातीलाच उडवला, कारण शंभरातल्या अठ्ठ्याण्णव याद्यांत तो रिकामाच असे. दोन, पुन्हापुन्हा आलेल्या नोंदी शेवटी नव्हे तर पहिल्याच पायरीवर गाळल्या. नियम सरळ होता: आई तीच, जन्मतारीख तीच, प्रसूतिगृह तेच, म्हणजे बाळ तेच. पहिली नोंद ठेवायची, बाकीच्या टाकायच्या.

जुळ्यांची आई तीच असते. तारीख तीच असते. आणि "१", "२" हे नर्सबाई लिहीत शेऱ्याच्या रकान्यात.

टाकलेल्या बाळाचं रक्त मात्र यंत्रात जायचंच. आकडा यायचा, त्याला बाळ सापडायचं नाही, मग तो एका बाजूच्या यादीत पडायचा. ती यादीही तिनंच ठेवली होती आणि तिला नाव दिलं होतं "बेवारस". यंत्र तपासायचे खोटे नमुने रोज त्याच यादीत पडत. ते शंभरांनी असत, म्हणून ती कुणी उघडत नसे.

ग्रासियाना उठून दाराशी गेली, परत आली, बसली. एवढं एक बरं केलं होतं की मूळ याद्या तिनं जशाच्या तशा जपून ठेवल्या होत्या, शेऱ्यासकट. तिनं त्या उघडल्या, शेऱ्यात "२" किंवा "३" असलेली बाळं वेगळी काढली आणि बेवारस आकड्यांशी जोडली. संगणकाला चाळीस सेकंद लागले. त्या चाळीस सेकंदांत तिनं देवाला जे जे कबूल केलं ते पुढं तिला आठवेना.

चौतीस बाळं. बत्तीस जुळ्यांतली, दोन एका तिळ्यातली.

तिनं आकडे उतरत्या क्रमानं लावले. तेहेतीस ठीक होती. सगळ्यात वर एक होतं. थायरॉइडचा आकडा दहाच्या आत असायला हवा. ह्याचा होता चौऱ्याण्णव.

रेतामोसोचं बाळ, २. मुलगी. वय आज तेवीस दिवस.

जिना उतरताना तिला ओस्वाल्दो भेटले. तिनं तिथंच, कठड्याला धरून सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला.

"थांब. आधी नक्की करू. नमुना रांगेत परत लावू, पाळी येऊन उद्या दुपारपर्यंत कळेल. मग वकिलांशी बोलून..."

"साहेब, तेवीस दिवस झालेत."

"अगं, चुकीची घबराट झाली तर?"

"झाली तर झाली. मला शिव्या घाला," असं म्हणून ती पुढं गेली. साहेबांना ओलांडून जायची तिच्या नोकरीतली ही पहिलीच वेळ.

खाली डॉक्टर सुलेमा फारियास हातमोजे काढत होत्या. साठीची बाई, तोंडानं फटकळ. ग्रासियानाचं सगळं त्यांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर मेंदूला काही होत नाही. नंतर प्रत्येक दिवस त्या पोरीच्या डोक्यातून जातो. कळलं? रडायचं असेल तर संध्याकाळी रड. आई कुठं आहे?"

आई, यामिला रेतामोसो, नदीपलीकडच्या बेटांवर राहणारी. फोन बंद. बाळंतपण झालं त्या दवाखान्यात म्हणाले, "बाई घरी गेली तिसऱ्या दिवशी. तिकडं फोन लागत नाही, ती आठवड्यातून एकदा टेकाडावर चढून लावते." पत्त्याच्या जागी एका ओढ्याचं नाव होतं आणि पुढं लिहिलं होतं, "बेनिग्नोला विचारा".

बेनिग्नो म्हणजे बेटांवर सामान पोचवणारा नावाडी. तो धक्क्यावरच सापडला, पिठाची पोती चढवताना.

"यामिला? पास्कुआलची सून. नेतो की. पण नदी उतरलीय बाई, ओढ्यात पाणी नाही. शेवटचा तुकडा चिखलातून चालावं लागेल. आणि रेडिओला सांगितलंत का?"

बेटांवर फोन नसला तरी रेडिओ प्रत्येक घरात. दुपारच्या निरोपांच्या वेळी सगळे कान देऊन बसतात: कुणाची बहीण शुक्रवारी येतेय, कुणाची गाय पलीकडे सापडली. डॉक्टर सुलेमांनी फोन लावला आणि निवेदकाला दटावून सांगितलं, "बारापर्यंत थांबायचं नाही. आत्ता. आणि दर दहा मिनिटांनी."

साडेदहाला होडी सुटली. डॉक्टर मागं थांबल्या, नमुना परत लावायला आणि गोळी तयार ठेवायला. ग्रासियाना पोत्यांमध्ये बसली. बेनिग्नोकाकांच्या छोट्या रेडिओवर संगीत थांबलं आणि आवाज आला: "यामिला रेतामोसोसाठी. दोन्ही बाळांना घेऊन ताबडतोब रोसारियोला या. प्रयोगशाळेत थांबलेत. ज्यानं ऐकलं त्यानं तिला सांगावं."

काकांनी येर्बाचं, म्हणजे तिकडच्या कडू चहाचं, भांडं तिच्यापुढं धरलं. तिनं नळीनं एक घोट ओढला.

"पोरांना काय झालंय?"

"झालंय की नाही, तेच माहीत नाही. पण कळायला उशीर झाला तो माझ्यामुळं."

"तुम्ही डॉक्टर?"

"नाही. मी याद्या लावते."

काकांना ते कळलं नसावं. त्यांनी मान हलवली आणि सुकाणू धरलं. ग्रासियाना मनात हिशेब करत बसली. सहा आठवडे वाचवलेले रोजचे तीन तास. कुणाला हवे होते ते? निकाल तर दुपारीच पाहिले जायचे. अकरा मिनिटांचा आकडा सुंदर दिसत होता म्हणून तिनं तो केला होता, हे तिला त्या गढूळ पाण्यावर पहिल्यांदा स्वतःशी कबूल करावं लागलं.

ओढ्याचं तोंड दिसायच्या आधीच समोरून एक डोंगा आला. वल्ह्यावर म्हातारा, मधे टोपली घेतलेली तरुण बाई. काका ओरडले, "पास्कुआल! ऐकलंत का?"

"चार शेजारी पळत आले सांगायला," म्हातारा हाफत म्हणाला. "पाद्र्याला बोलवायचं राहिलं तेवढं."

यामिला वीस-बावीसची. होडीत चढता चढता तिनं विचारलं, "काय झालंय? दोघींतल्या कुणाला?"

ग्रासियानाच्या तोंडून निघालं, "यादीत दुसरी आहे. आता कशी ओळखायची..."

"कशी म्हणजे? मी आई आहे ना!" यामिला तडकली. टोपलीतलं एक गाठोडं उचलून तिनं छातीशी धरलं. "ही दुसरी. उमा. ही तर गुणाची आहे हो. रडतच नाही. सारखी झोपते. मिलाग्रोस रात्रंदिवस भोकाड पसरते आणि हिला दुधासाठी उठवावं लागतं. सगळे म्हणतात, पोर म्हणजे सोनं."

ग्रासियानानं वाकून पाहिलं. चेहरा सुजरा, कातडीवर अजून पिवळी झाक. ते गुण नव्हते. तिनं आजारावर वाचलेल्या कागदात हेच सगळं लिहिलेलं होतं, ओळीनं.

तिनं सगळं सांगितलं, काही न झाकता. दोघींना एकच समजायचा नियम माझा, शेऱ्याचा रकाना मी काढला. इंजिनच्या आवाजात तिला ओरडून बोलावं लागलं, आणि कबुली ओरडून द्यायला फार जड जाते.

यामिलानं उमाचं गाठोडं आणखी जवळ ओढलं. मग म्हणाली, "म्हणजे माझ्या दोन पोरी तुम्हाला एक दिसल्या."

"हो."

"आता बोलू नका माझ्याशी. धक्क्यापर्यंत बोलू नका."

ग्रासियाना परत पोत्यांमध्ये जाऊन बसली.

एक वाजायला दहा मिनिटं असताना उमाच्या दंडातून रक्त काढलं. डॉक्टरांनी रांग मोडून लावलेला जुना नमुना तोवर परत लागून झाला होता. पुन्हा चौऱ्याण्णव. डॉक्टर सुलेमांनी नव्या निकालाची वाट न पाहता गोळी चुरडली, यामिलाच्या चमचाभर दुधात कालवली आणि बाळाच्या ओठांत सोडली. उमानं ते गिळायला फार वेळ घेतला.

"वाचेल?" यामिलानं विचारलं.

"जिवाला धोका नाही," डॉक्टर म्हणाल्या. "डोक्याचं आज सांगता येणार नाही. दोन आठवड्यांत सुरू व्हायला हवं होतं, नऊ दिवस उशीर झाला. पुष्कळ पोरं एवढ्या उशिरानंही नीट वाढतात. काही थोडी मागं पडतात. गोळी रोज, न चुकता, आणि मला दर महिन्याला दाखवायची."

दुपारी ग्रासियानानं जुनी पाइपलाइन पुन्हा चालू केली, तीन तासांची. ओस्वाल्दोंनी वकिलांचा विषय काढला, तेव्हा डॉक्टर सुलेमांनी त्यांना दारं लावून जे ऐकवलं त्यानंतर तो विषय निघाला नाही. उरलेल्या घरांना फोन ग्रासियानानं स्वतः केले, तीन दिवस. "तुमचं बाळ ठीक आहे, पण निकाल आमच्याकडून हरवला होता." एकानं शिवी हासडली. एका आजीनं आशीर्वाद दिला, तो शिवीपेक्षा जास्त लागला.

महिन्याभरात नवी पाइपलाइन पुन्हा उभी राहिली. प्रत्येक रक्ताच्या कागदाचा स्वतःचा क्रमांक हीच आता बाळाची ओळख. खोटे नमुने वेगळे. एकही आकडा बिनबाळाचा उरला तर काम तिथंच थांबतं आणि माणसानं सही केल्याशिवाय पुढं सरकत नाही. तिला छत्तीस मिनिटं लागतात. कमी करता येतील का असं ओस्वाल्दोंनी एकदा विचारलं, ग्रासियाना म्हणाली, "येतील. करणार नाही."

यामिला दर महिन्याला येते. पहिले दोन महिने ती ग्रासियानाकडे पाहतही नव्हती. पाचव्या महिन्यात आकडा पाचवर आला, उमा मान धरू लागली होती, बहिणीपेक्षा तीन आठवडे उशिरा. तो उशीर आजाराचा की पोरीच्या स्वभावाचा, हे डॉक्टरांनाही सांगता येईना.

"कधी कळेल?" ग्रासियानानं जिन्यात विचारलं.

"शाळेत जाईल तेव्हा," डॉक्टर सुलेमा म्हणाल्या, आणि पुढच्या महिन्याची तारीख लिहायला आत गेल्या.